अप्पांची कीर्द-खतावणी

अप्पांच्या मते आकाश हे अत्यंत ढिसाळ कारभाराचं खातं आहे. कोणाचा कोणाला मेळ नाही. कन्या राशीत दीर्घिका डझनावारी दाटीवाटीनं बसलेल्या, आणि शेजारी हातभर आकाश रिकामं. कामाची वेळ रात्रीची, त्यात जून ते सप्टेंबर खातं ढगांमुळे बंद. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो तो २५ लाख वर्षं उशिरा, आणि तोही विलंबमाफीच्या अर्जाशिवाय! अशा खात्याची तपासणी कोणीतरी करायलाच हवी होती. कोणी पुढे येईना, म्हणून निवृत्तीनंतर ती अप्पांनी अंगावर घेतली.

अप्पांची उभी नोकरी लेखापरीक्षणात गेली. अंगानं काटकुळे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शर्टाच्या खिशात तीन पेनं. निळं लिहायला, लाल आक्षेपाला आणि हिरवं कधीच न वापरलेलं, कारण हिरवी शाई साहेबांची. ते तपासणीला ज्या गावी उतरत, तिथला चहावालाही त्या आठवड्यात उधारी नीट लिहून ठेवी, अशी आख्यायिका आहे. ती अप्पांनीच सांगितलेली आहे. तिला पुरावा नाही, हेही अप्पांनीच सांगितलं.

निवृत्त झाल्यावर डोंबिवलीतली माणसं साधारणपणे भजनी मंडळात, हास्यक्लबात किंवा सोसायटीच्या कमिटीत जातात. अप्पा कमिटीत गेले. पहिल्याच सभेत त्यांनी पाण्याच्या टँकरच्या पावत्या मागितल्या. तेव्हा उरलेल्या सभासदांनी आपसात वर्गणी काढून त्यांना एका आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला वांगणीला धाडलं. उद्देश एवढाच, की माणसाला दुसरा काहीतरी नाद लागावा.

मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढचं वांगणी ही मुंबई-ठाण्याकडच्या आकाशवेड्यांची पंढरी आहे. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे वर्षानुवर्षं होत आले. बदलापूरचे दिवे हळूहळू त्या आकाशात चढू लागले असले, तरी डोंबिवलीहून गेलेल्या माणसाला तिथे तारे पाहून गुदमरायला होतं. त्या रात्री शौरी समूहातला एम १३ दाखवत होते. हा बंदिस्त तारकागुच्छ, लाखो तारे एका मुठीत आवळलेले, वीस हजार प्रकाशवर्षांहून लांब. रांगेतला प्रत्येक जण दुर्बिणीला डोळा लावी, ‘वा!’ म्हणे आणि बाजूला होई. अप्पांनी डोळा लावला, ‘वा!’ म्हटलं नाही. दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या पोराला विचारलं, “एवढ्या लोकांनी ही वस्तू पाहिली. याची नोंद कुठे होते?”

पोरगा भाबडेपणानं म्हणाला, “मनात, काका.”

मनातल्या नोंदी! नोकरीत अप्पांनी सगळ्यात जास्त आक्षेप काढले होते ते याच प्रकारच्या नोंदींवर. पुढच्या अमावस्येच्या आत त्यांनी आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेतली आणि त्याआधी, म्हणजे दुर्बीण घरात येण्याच्याही आधी, दोन जाड बांधणीच्या वह्या.

दोन का, हे मला त्यांनी जिन्यात थांबवून समजावलं. एक कीर्द, दुसरी खतावणी. कीर्दीत रात्रीच्या क्रमानं, जे जसं पाहिलं तसं जागेवर लिहायचं. खतावणीत प्रत्येक वस्तूचं वेगळं पान: एम ३१ चं खातं, एम ४२ चं खातं. कीर्दीतली नोंद दुसऱ्या दिवशी आंघोळ करून खतावणीत चढवायची आणि दोन्हीकडे एकमेकींचे पान क्रमांक टाकायचे. “कीर्द सांगते त्या रात्री काय काय झालं. खतावणी सांगते, या गृहस्थांनी आजवर आपल्याला काय काय दाखवलं.” गृहस्थ म्हणजे मृगातला तेजोमेघ. पहिल्या पानावर दाखला: ‘या वहीत १ ते २०० पाने असून ती सर्व क्रमांकित आहेत’, खाली सही. खोडाखोड नाही. चुकलं तर एकच रेघ, मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी आद्याक्षरं. सुटे कागद घरात आणायलासुद्धा बंदी. धोब्याची चिठ्ठीही त्यामुळे काकू पदराला बांधून ठेवतात.

रकाने तेरा. अनुक्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, वस्तू, तारकासमूह, दुर्बीण, नेत्रिका, हवेची पारदर्शकता, हवेची स्थिरता, वर्णन, रेखाटन आणि सरकारी वहीला नसून चालतच नाही असा शेवटचा, शेरा. स्थिरतेसाठी अँटोनियादी नावाच्या खगोलवेत्त्याची पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे: पहिली म्हणजे चित्र निश्चल, पाचवी म्हणजे इतकं थरथरणारं की रेखाटनही होऊ नये. अंधारासाठी बोर्टलची नऊ पायऱ्यांची. आमच्या गच्चीवरून अप्पांनी भाद्रपदांच्या चौकोनात नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते मोजलं. आकाशाचा अंधार जोखायची ही खरोखरच जुनी रीत आहे. उत्तर आलं: ‘निरंक’.

सगळ्यात घोळ झाला तारखेच्या रकान्याचा. रात्र एक, पण मध्यरात्री तारीख बदलते. मग रात्री दहाला पाहिलेला गुच्छ एका तारखेचा आणि दोनला पाहिलेला दुसऱ्या? त्यात जगभरचे निरीक्षक जागतिक वेळ लिहितात, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. की पहाटे दोनची नोंद पुन्हा आदल्या तारखेला! पूर्वीच्या खगोलवेत्त्यांनी यावर तोड काढली होती. १९२४ अखेरपर्यंत त्यांचा दिवस दुपारी बाराला सुरू व्हायचा, म्हणजे रात्रीचे दोन तुकडे पडत नसत. हे वाचून अप्पा इतके हरखले, की काकूंना उठवून सांगितलं. काकू कुशीवर वळत म्हणाल्या, “आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. रात्र अखंडच राहते. एवढ्यासाठी मला उठवलंत?” अप्पांनी थोडा वेळ विचार केला. तेव्हापासून तारखेच्या रकान्यात ‘१४/१५ मार्च’ अशी जोडतारीख आणि शेजारी वार, पंचांगाप्रमाणे.

वर्णनाच्या रकान्यात मात्र त्यांची खरी प्रतिभा दिसते. जे. एल. ई. ड्रेयर यांनी १८८८ मध्ये ७,८४० तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिकांची एक प्रचंड यादी छापली, ती न्यू जनरल कॅटलॉग, म्हणजेच एनजीसी. जागा वाचावी म्हणून तिच्यात वर्णनं आद्याक्षरांत लिहिली आहेत. अप्पांनी त्याची मराठी आवृत्ती काढली. फि. म्हणजे फिकट, फा.फि. म्हणजे फार फिकट, अ.फि. म्हणजे असल्यास फिकट. मो. मोठा, ल. लहान, गो. गोल, लां. लांबट, म.उ. मध्ये उजळ. पद्धत एकदा अंगात भिनल्यावर ती आकाशापुरती राहिली नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींचा उल्लेख ते ‘मो., गो., माथ्यावर एकदम उजळ’ असा करतात. उडप्याच्या हॉटेलात सांबार आलं, की वाटीकडे पाहून ‘फा.फि.’ म्हणतात. पुतण्याच्या लग्नात कोणी विचारलं, मुलगी कशी वाटली? अप्पा म्हणाले, “प्रथमदर्शनी शेरा देता येणार नाही. पुन्हा निरीक्षण आवश्यक.” ते बोलणं दोन वर्षं घरात फिरत होतं.

लेखापरीक्षक आकाशापर्यंत पोचला, म्हणजे तिथलं आधीचं दप्तर तपासणारच. चार्ल्स मेसिएबद्दल अप्पांना घरच्या माणसाइतका जिव्हाळा, कारण मेसिए मूळचा कारकून. १७५१ मध्ये पॅरिसला डेलिल नावाच्या खगोलवेत्त्याकडे त्याला नोकरी लागली ती सुवाच्य अक्षराच्या जोरावर, आणि डेलिलनं त्याला शिस्त लावली ती पाहिलेल्याची नोंद ठेवायची. पुढे धूमकेतू शोधताना त्याला वारंवार फसवे धुरकट ठिपके भेटू लागले. पुन्हा फसायला नको म्हणून त्यानं त्यांची यादी केली. ‘हे धूमकेतू नव्हेत’ अशी ती यादी! एम १३, एम ३१ मधला ‘एम’ त्याचाच. १७८१ च्या छापील प्रतीत १०३ नोंदी होत्या, नंतरच्यांनी त्या ११० केल्या. त्याचे धूमकेतू आज कोणी विचारत नाही, पण त्यानं बाजूला काढलेला माल जगभरचे हौशी लोक जन्मभर पाहत बसतात. “नामंजूर बिलांचं रजिस्टर,” अप्पा आदरानं म्हणतात. “असलं रजिस्टरच खरं वाचायचं असतं.”

पण जिव्हाळा वेगळा आणि तपासणी वेगळी. मेसिएच्या यादीवर अप्पांचे आक्षेप आहेत. एम ४०: तेजोमेघांच्या यादीत नुसते दोन तारे. एम ७३: नुसते चार. एम १०२: ही बहुधा एम १०१ चीच दुबार नोंद, तसं कळवणारं पत्र तिची खबर देणाऱ्या मेशँनंच पुढे १७८३ मध्ये लिहिलं, तरी वाद मिटलेला नाही. आणि अप्पांचा सगळ्यात लाडका आक्षेप म्हणजे एम ४७. १७७१ मध्ये व्याधाच्या पूर्वेला हा तारकागुच्छ पाहून मेसिएनं त्याची जागा लिहिली, पण गणितात अधिक-उण्याचं चिन्ह उलटलं. त्या जागी दुर्बीण लावली, तर तिथे काहीच नाही. ड्रेयरनं त्या रिकाम्या जागेलाही एनजीसी २४७८ असा क्रमांक दिला. खरा गुच्छ बिचारा एनजीसी २४२२ म्हणून शेजारीच बसलेला. चिन्हाचा उलगडा झाला तो थेट विसाव्या शतकात. “एका चिन्हापायी अख्खा तारकागुच्छ गहाळ,” अप्पा बोट वर करून सांगतात, “आणि ज्या पत्त्यावर कोणी राहत नाही, त्या पत्त्यावर नवं रेशनकार्ड!”

नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सगळ्यात तेजस्वी बंदिस्त तारकागुच्छ मेसिएच्या यादीत नाही. पॅरिसहून तो क्षितिजाच्या वर येतच नाही, आपल्याकडे मात्र तेवीसेक अंश वर चढतो. त्याच्या खात्यावर अप्पांनी लिहिलंय: ‘पॅरिस कार्यालयाच्या कार्यक्षेत्राबाहेर. वांगणी उपकार्यालयाने नोंद घेतली.’

आता काकू. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडात एकदा वही उघडली की तो अर्धा तास पाण्यात जातो. म्हणून निरीक्षक मंद लाल उजेडात लिहितात. अप्पांनी विजेरीच्या काचेला काकूंचं नेलपॉलिश फासलं, तरी त्यांचं समाधान होईना. तशात त्यांनी विल्यम हर्शेलबद्दल वाचलं. तो दुर्बिणीशी उभा राहून दिसेल ते ओरडून सांगायचा आणि त्याची बहीण कॅरोलाइन खिडकीशी दिव्यापाशी बसून, घड्याळ पाहून लिहून घ्यायची. या जोडीनं अशा सुमारे २,५०० वस्तू नोंदवल्या. कॅरोलाइननं स्वतः आठ धूमकेतू शोधले ते वेगळेच. अप्पांनी ही हकीकत काकूंना फार रंगवून सांगितली. १७८३ च्या ३१ डिसेंबरला रात्री बर्फात धावताना दुर्बिणीचा लोखंडी आकडा कॅरोलाइनच्या पायात घुसला, तोही प्रसंग सांगितला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिला पगार होता?”

अप्पा खोटं बोलत नाहीत. “१७८७ पासून. राजाकडून. वर्षाला ५० पौंड.”

“लिहून ठेवा,” काकू म्हणाल्या.

तेव्हापासून काकू जिन्याच्या खोलीत पाटावर बसतात, लाल विजेरी मांडीत, आणि अप्पा गच्चीवरून ओरडतात. बारा रकाने अप्पांचे. तेरावा, शेऱ्याचा, काकूंनी हळूच ताब्यात घेतला. त्यामुळे एनजीसी २३९२ या मिथुनेतल्या तेजोमेघापुढे ‘ल., गो., म.उ., निळसर’ असं वर्णन आणि शेऱ्यात ‘डास: मो., असंख्य’. एका पानावर नुसतंच: ‘१०.४० ढग. १०.५० ढग. ११.०५ ढग. ११.१० यांना खाली बोलावले, आले नाहीत.’ आणखी एका ठिकाणी: ‘तिसऱ्यांदा सांगितले की दिसते आहे. आवाजावरून वाटत नाही.’ हा शेरा अप्पांनी खोडला नाही. खोडण्याचा नियमच नाही. उलट ती वस्तू पुन्हा पाहिली आणि खाली लिहिलं, ‘लेखनिकाचा संशय रास्त. वस्तू दिसली नव्हती.’

हे ‘दिसली नव्हती’ लिहिण्यात त्यांचा हातखंडा. वांगणीला नव्यानं येणारी पोरं उत्साही असतात. दुर्बिणीला डोळा लावायच्या आत ‘दिसलं, दिसलं!’ म्हणतात. अप्पा शांतपणे विचारतात, “लांबट आहे का गोल? कोणत्या बाजूला झुकलंय? शेजारचा तारा किती अंतरावर?” पोरगं गडबडतं, पुन्हा डोळा लावतं. मग अप्पा सांगतात, “रोखून बघू नकोस. फिकट वस्तूकडे जरा तिरकं बघायचं, नजरेच्या कडेला अंधारात जास्त दिसतं.” पाच मिनिटं जातात, दहा जातात. मागच्या रांगेत कुरकुर सुरू होते. आणि एकाएकी ते पोरगं अगदी वेगळ्या आवाजात म्हणतं, “अरे, लांबट आहे!” अप्पा लगेच वेळ विचारतात आणि लिहून घेतात.

सप्तर्षींच्या शेपटाशी असलेल्या एम ५१ या दीर्घिकेचं खातं मी एकदा मागून घेऊन वाचलं. पहिली नोंद: ‘दोन ठिपके’. पुढच्या हंगामात: ‘दोन गोळे, पैकी एक मो., म.उ.’ नंतर: ‘मोठ्या गोळ्याभोवती कडे असल्याचा संशय.’ त्यानंतर: ‘संशय बळावला. पश्चिमेकडील भाग तुटक.’ दुर्बीण तीच, दीर्घिका तीच, गाव तेच. सुधारला होता तो तपासनीस. या दीर्घिकेचा भोवऱ्यासारखा आकार लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून पहिल्यांदा ओळखला आणि हातानं चितारला. अप्पांनी ते चित्र पाहिलं होतं का? “मुद्दाम नाही पाहिलं,” ते म्हणाले. “फोटो पाहून आलेला साक्षीदार चालत नाही. त्याला जे ठाऊक आहे तेच दिसतं. आधी आपलं रेखाटन, मग पुस्तक.” या वह्यांचा शास्त्राला काडीचा उपयोग नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. दीर्घिकांची छायाचित्रं मोठमोठ्या दुर्बिणींनी केव्हाच काढून ठेवलीत. “दीर्घिकेला माझी गरज नाही, खरं आहे. पण वर्णनाचा रकाना समोर असला, की मला ‘वा!’ म्हणून सुटता येत नाही.”

मेसिएच्या ११० च्या ११० वस्तू एका रात्रीत पाहायची संधी वर्षातून एकदाच येते, मार्चच्या अमावस्येच्या आसपास. जगभर तिला मेसिए मॅरेथॉन म्हणतात. अप्पा तिला मार्चअखेर म्हणतात आणि त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघणंही शक्य नव्हतं. संध्याकाळी पश्चिमेला बुडत चाललेल्या एम ७७ आणि एम ७४ पासून धावपळ सुरू होते, पहाटे उजाडता उजाडता पूर्वेला मकरेतल्या एम ३० नं ती संपते. मधल्या काळात थर्मासमधला चहा, दवानं ओली झालेली पानं, शाई फुटते म्हणून पेन्सिल, आणि सकाळी पेन्सिलीवर शाई. मागच्या खेपेला शेजारी एक तरुण होता. त्याची दुर्बीण मोबाइलवर चालणारी. आपण होऊन वस्तू शोधायची, फोटो काढायची आणि यादीत खूणही करायची. तो सतरंजीवर आडवा झाला होता. पहाटे उठून म्हणाला, “अप्पा, माझ्या एकशेदहा झाल्या.”

“दुर्बिणीच्या झाल्या,” अप्पा म्हणाले. “तू काय पाहिलंस?”

तरुणानं प्रामाणिकपणे विचार केला. “मोबाइल.”

अप्पांच्या एकशेनऊच झाल्या. एम ७४ राहिली. ती मुळातच फिकट, त्यात खालच्या शेतांत राब पेटवलेला, पश्चिमेचं क्षितिज धुरानं भरलेलं. सगळ्यांनी आग्रह केला, “अप्पा, जागा बरोबर होती ना? मग टाका की खूण!” अप्पांनी शाईनं लिहिलं: ‘एम ७४: दिसली नाही. कारण: राब.’ आणि वर म्हणाले, “न पाहिलेली एक पाहिली म्हणून लिहिली, की उरलेल्या एकशेनऊंवर मलाच आक्षेप काढावा लागेल.” काकूंच्या शेऱ्यात त्या रात्री फक्त एवढंच: ‘खरे आहे.’

गेल्या हिवाळ्यात अप्पांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, “आता सगळं स्वच्छ दिसेल.” दुसरा पेशंट खूश झाला असता. अप्पांच्या चेहऱ्यावर अपहार उघडकीला आल्याची कळा. “म्हणजे आजवर सगळं अस्वच्छ दिसत होतं?” मोतीबिंदू पिवळसर असतो, तो निळा रंग गाळून टाकतो. गच्चीवर जाऊन त्यांनी एनजीसी २३९२ आधी उजव्या डोळ्यानं पाहिला, मग डाव्यानं. उजव्यात राखाडी, डाव्यात निळा. खतावणीत जुनी नोंद ‘निळसर’. उजव्या डोळ्याची की डाव्याची? रकानाच नव्हता!

उपकरण बदललं, म्हणजे आधीची तपासणी कालबाह्य. अप्पांनी पहिला खंड बंद केला, नवी वही आणली, पानांना क्रमांक घातले, दाखला लिहिला आणि चौदावा रकाना आखला: ‘डोळा: उजवा (जुना) / डावा (नवा)’. मेसिएच्या एकशेदहा आणि त्यापुढच्या सगळ्या वस्तू पहिल्यापासून. वही काकूंपुढे ठेवून ते गच्चीचा दरवाजा उघडायला गेले. परत आले तेव्हा पहिल्याच ओळीत, अजून बाकीचे तेरा रकाने कोरे असताना, शेरा लिहिलेला होता: ‘खंड १ मधील लेखनिकाचे मानधन थकीत. ते अदा झाल्याखेरीज खंड २ सुरू करू नये.’

अप्पांनी तो दोनदा वाचला. आक्षेप मुद्देसूद होता, नियमाला धरून होता, आणि आधारही खुद्द त्यांनीच पुरवलेला होता. त्यांनी खाली ‘मान्य’ लिहिलं. मग हळूच म्हणाले, “पण ५० पौंड हा १७८७ चा दर आहे हं.”

“दर जुनाच चालेल,” काकू पाटावरून उठत म्हणाल्या. “व्याज चक्रवाढ धरा.”

आकाश त्या रात्री धुतल्यासारखं स्वच्छ होतं. कीर्दीत नोंद आहे: ‘निरीक्षण झाले नाही. कारण: हिशेब.’